'मॅकबेथ' शिकवताना आशयसूत्रं मुलांच्या हाती कशी लागतील

परीक्षेत शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'चं आशयसूत्र विचारलं, की वहीमागून वहीत तेच उत्तर सापडतं: 'अति महत्त्वाकांक्षेमुळे मॅकबेथचा नाश झाला.' वाक्य चुकीचं नाही, पण त्यात नाटक कुठेच नाही. शेअर बाजारात बुडालेल्या माणसालाही ते जसंच्या तसं लागू पडेल. मुलांनी हे वाक्य कुठून तरी उचललेलं असतं आणि बहुतेक वेळा ते आपणच पहिल्या तासाला फळ्यावर लिहून दिलेलं असतं.

म्हणून पहिला नियम शिक्षकासाठी: आशयसूत्रांची यादी आधी द्यायची नाही. 'महत्त्वाकांक्षा', 'अपराधभाव', 'नियती' हे झाले विषय. त्या विषयाबद्दल नाटक काय म्हणतं, ते आशयसूत्र. ते पूर्ण वाक्यातच सांगता येतं, त्याला क्रियापद लागतं, आणि ते नाटकातल्या ओळींवर बोट ठेवून सिद्ध करावं लागतं. मुलं तिथपर्यंत कशी पोचतील याची ही आखणी आहे. अकरावी-बारावी किंवा पदवीचं पहिलं वर्ष, 45 मिनिटांच्या 8 तासिका, आणि वर्गात मराठी माध्यमातून आलेली बरीच मुलं, असं धरून ती केली आहे. या मुलांची मराठी इथे अडचण ठरत नाही. एका जागी तर ती इंग्रजीपेक्षा जास्त उजेड पाडते. ते पुढे येईलच.

तयारी

शेक्सपिअरच्या शोकांतिकांमध्ये 'मॅकबेथ' सगळ्यात छोटं, साधारण 2100 ओळींचं. तरीही 8 तासिकांत ते अथपासून इतिपर्यंत वाचून होत नाही. तसा हट्ट धरला की तिसऱ्या अंकात वेळ संपतो आणि शेवट गाइडच्या भरवशावर सोडावा लागतो. वाचायचे प्रवेश आधीच निवडा: पहिल्या अंकातले 1, 3, 5 आणि 7, दुसऱ्यातले 2 आणि 3, तिसऱ्यातले 1, 2 आणि 4, चौथ्यातला 1, आणि 3चा शेवटचा तुकडा, पाचव्यातले 1, 5 आणि शेवट. चौथ्या अंकाचा तिसरा प्रवेश लांबलचक आहे. राजा डंकनचा मुलगा माल्कम, सरदार मॅकडफची परीक्षा घेतो तो भाग तोंडी सांगून टाका आणि दुसरा सरदार रॉस बातमी घेऊन येतो तिथून वाचायला घ्या.

सगळ्यांकडे एकच आवृत्ती असेल तर उत्तम. पाचव्या अंकाच्या अखेरच्या प्रवेशांचे क्रमांक आवृत्तीगणिक बदलतात, आणि 'प्रवेश 8 काढा' म्हटलं की अर्धा वर्ग भलत्याच पानावर जातो. तिथे क्रमांकाऐवजी प्रवेशाची पहिली ओळ सांगावी.

गोष्ट पहिल्याच तासाला 15 मिनिटांत सगळी सांगून टाका, शेवटासकट. शोकांतिकेत पुढे काय होणार याची उत्सुकता दुय्यम असते. डोळ्यांदेखत हे होतंय आणि थांबत नाही, ही तगमग मुख्य. गोष्ट ठाऊक असली की मुलं घटनांमागे धावत नाहीत, शब्दांकडे बघतात.

शेक्सपिअरचं चरित्र, एलिझाबेथकालीन रंगभूमी, तेव्हाचा इंग्लंडचा राजा जेम्स हे सारं पहिल्या तासाला कोंबू नका. 1606च्या आसपासचा काळ लागेल तिथे, लागेल तेवढाच आणा.

पहिला प्रयोग: हुकूम शोधा

पहिल्या अंकाचा तिसरा प्रवेश वाचून झाला की वर्गाला 10 मिनिटं द्या. काम एकच: चेटकिणी मॅकबेथला डंकनचा खून करायला सांगतात ती ओळ शोधा.

ओळ सापडत नाही, कारण ती नाहीच. त्या त्याला ग्लॅमिसचा सरदार म्हणतात, कॉडॉरचा सरदार म्हणतात, पुढे राजा होशील म्हणतात. कसा होशील, याबद्दल चकार शब्द नाही. 'चेटकिणींनी त्याला भरीला घातलं' असं ज्यांनी मघाशीच ठामपणे सांगितलेलं असतं, त्यांना स्वतःच पान उलटसुलट करून गप्प व्हावं लागतं. आपण अर्धा तास बोलून जे पटत नाही ते या 10 मिनिटांत पटतं.

लगेच दुसरा प्रश्न: मग खुनाचा विचार पहिल्यांदा कुणाच्या तोंडी येतो? मॅकबेथच्याच, त्याच प्रवेशात. केस उभे करणारं भयंकर चित्र मनात आल्याचं तो स्वतःशी बोलतो. आणि थोड्याच ओळींनंतर म्हणतो, नशिबात राज्य असेल तर ते मी न हलताही मिळेल. म्हणजे दोन्ही वाटा त्याला दिसलेल्या आहेत. त्याचा सहकारी सेनापती बँको शेजारीच उभा आहे, त्यानेही भविष्य ऐकलंय: तू राजा होणार नाहीस, तुझे वंशज होतील. तो मात्र सावध करतो, की अंधाराची ही माणसं क्षुल्लक बाबतीत खरं बोलून विश्वास कमावतात आणि मोठ्या बाबतीत दगा देतात. विज्ञानाच्या मुलांना बँको लगेच कळतो: प्रयोगातला तुलनेचा नमुना. भविष्य दोघांना मिळालं, खून एकाने केला.

नियती की निवड, हा वाद मुलं इथून स्वतः सुरू करतात. तो मिटवू नका. चौथ्या अंकापर्यंत उघडा ठेवा.

दुसरा प्रयोग: दोन रकाने

पहिल्या अंकाचा सातवा प्रवेश मॅकबेथच्या 28 ओळींच्या स्वगताने उघडतो. आत मेजवानी चाललीय, हा बाहेर निघून आलाय. वहीत दोन रकाने पाडा, 'का मारू नये' आणि 'का मारावं', आणि फक्त या 28 ओळींतूनच भरायला सांगा. वेळ 20 मिनिटं.

पहिला रकाना भरत जातो. अशी कृत्यं उलटून करणाऱ्यावरच येतात. मी त्याचा नातलग. मी त्याचा प्रजाजन. मी यजमान, मारेकऱ्याला दाराशी अडवायचं ते मी, सुरी हाती घ्यायची ती मी नव्हे. आणि हा राजा इतका सौम्य, इतका निष्कलंक, की त्याच्या मरणाने जग हळहळेल. दुसऱ्या रकान्यात एकच नोंद पडते: उडी घेणारी महत्त्वाकांक्षा. आणि तीही तो कशी मांडतो? जोरात उडी घेऊन घोड्याच्या पलीकडे कोसळणाऱ्या स्वाराच्या रूपात.

इथे चूक हमखास होते: मुलं दुसऱ्या रकान्यात लेडी मॅकबेथचे मुद्दे भरतात. तिची एंट्री अजून व्हायची आहे. ते खोडायला लावा, कारण खोडल्यावरच खरी गोष्ट उघडी पडते. या माणसाला काहीही समजायचं राहिलेलं नाही. योग्य-अयोग्य त्याला आपल्याइतकंच, कदाचित जास्त, कळतं. 'महत्त्वाकांक्षेने आंधळा झालेला मॅकबेथ' हे वाक्य इथे मोडून पडतं. तो डोळसपणे जातो. नाटकाची भीती सगळी तिथे आहे.

ॲरिस्टॉटलची 'हमार्शिया', म्हणजे शोकांतिकेच्या नायकाला पतनाकडे नेणारी चूक, इथे येऊ द्या, पण 'स्वभावदोष' असा अर्थ देऊन मोकळे होऊ नका. मूळ शब्दात नेम चुकण्याची कल्पना आहे. दोष म्हटलं की मुलं मॅकबेथला एक लेबल चिकटवतात आणि वाचायचं थांबतात.

मर्द की माणूस

या तासासाठी सहावी तासिका पूर्ण राखून ठेवा. सगळ्या आखणीत हा तास आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो.

इंग्रजीत 'मॅन' हा शब्द दोन कामं करतो, पुरुष आणि माणूस. इंग्रज वाचकाला दोन्ही अर्थ एकाच शब्दात ऐकू येतात, आणि म्हणून कधीकधी ते वेगळे आहेत हे त्याच्या लक्षातही येत नाही. मराठीत भाषांतर करणाऱ्याला ती सोय नाही. मर्द लिहायचं की माणूस, हे प्रत्येक ओळीला ठरवावं लागतं. ते ठरवणं म्हणजेच या नाटकाचं एक आशयसूत्र हाताने चाचपणं.

एका ए-फोर कागदावर हे उतारे छापा, प्रत्येकी दोन ते सहा ओळी. पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशातून मॅकबेथचं वाक्य आणि त्यावर लेडी मॅकबेथचं उत्तर. तिसऱ्याच्या पहिल्यातून मारेकऱ्यांशी बोलणं. तिसऱ्याच्या चौथ्यातून मेजवानीतला प्रश्न आणि बँकोचं भूत गेल्यावरचं मॅकबेथचं वाक्य. चौथ्याच्या तिसऱ्यातून माल्कम आणि मॅकडफ. शेवटच्या प्रवेशातून म्हाताऱ्या सेनापती सिवर्डच्या मुलाच्या मरणाची बातमी. 40 मुलांचा वर्ग असेल तर 8 जणांचे 5 गट. 80 असतील तर गट करू नका, बाकावरच्या जोड्या पुरतात. प्रत्येक ठिकाणी 'मॅन'च्या जागी मराठी शब्द लिहायचा आणि शेजारी एका वाक्यात कारण. 20 मिनिटं लेखन, उरलेला वेळ वाद.

पहिलीच जोडी जवळून पाहू. मॅकबेथ म्हणतो, माणसाला शोभेल ते सगळं करायची माझी छाती आहे. त्यापलीकडे जाईल तो माणूसच नव्हे. इथे 'माणूस' सहज बसतं, कारण तो मर्यादेबद्दल बोलतोय. ती लगेच विचारते, मग हा बेत माझ्या कानावर घातलास तेव्हा कुठलं जनावर बोलत होतं? 'जनावर' हा शब्द फार महत्त्वाचा. त्याने 'माणूस' म्हटलं ते तिने अचूक ऐकलंय, म्हणूनच माणसाच्या विरुद्धचा शब्द तिने उचलला. पण पुढच्याच ओळीत ती म्हणते, करायची धमक होती तेव्हा तू खरा मर्द होतास. दोन ओळींच्या आत शब्द तोच ठेवून तिने अर्थ फिरवला. मॅकबेथला हा फेरा दिसत नाही. मराठी लिहिणाऱ्या मुलाला दिसतो, कारण त्याचं पेन त्या जागी अडतं.

मारेकऱ्यांच्या प्रवेशात हेच शस्त्र मॅकबेथच्या हाती आलेलं दिसतं. ते म्हणतात, महाराज, आम्ही माणसं आहोत. तो म्हणतो, हो, यादीत तुमची गणती माणसांत होते, जशी शिकारी, पाळीव, भटकी सगळी कुत्री 'कुत्रा' याच नावाखाली मोडतात. बायकोने जे त्याच्यावर चालवलं ते आता तो दुसऱ्यांवर चालवतोय. मुलांना हे स्वतः जोडू द्या. आपण सांगितलं तर टिपून घेतील आणि विसरतील.

मग मॅकडफ. रॉस सांगतो: बायको, मुलं, नोकरचाकर, सापडले तेवढे सगळे मारले. मॅकडफ टोपी कपाळावर ओढून घेतो. माल्कम त्याला म्हणतो, दुःखाला शब्द दे. तो पुन्हापुन्हा तेच विचारत राहतो: माझी मुलंही? सगळी? माझी सगळी पिल्लं, आईसकट, एकाच झडपेत? माल्कम, वयाने लहान, सांगून जातो: मर्दासारखं तोंड दे याला. आणि मॅकडफ उत्तरतो: देईन. पण माणसासारखं मला हे सोसायलाही हवं.

इथे जवळजवळ सगळे गट न सांगता दोन वेगळे शब्द लिहितात. तेव्हा फळ्यावर इंग्रजी ओळ लिहा आणि दाखवा: दोन्हीकडे शब्द एकच आहे. थोडा वेळ शांत राहा. संपूर्ण नाटकात जो शब्द डिवचायला वापरला गेला, तो मॅकडफने परत मिळवला. माणूस होणं म्हणजे रडताही येणं. ज्याला ते अजून येतं तोच मॅकबेथला मारतो.

एवढ्यावर प्रश्न मिटला असं मुलांना वाटायला नको, म्हणून सिवर्डचा उतारा शेवटी ठेवायचा. मुलगा पडल्याचं कळल्यावर तो म्हातारा सेनापती एवढंच विचारतो, जखमा पुढून होत्या ना? होत्या म्हटल्यावर त्याचं समाधान होतं. माल्कम म्हणतो, याच्यासाठी अधिक शोक व्हायला हवा. रॉसने 'मॅनसारखा मेला' म्हटलं आहे. तिथे काय लिहायचं? वर्ग दुभंगतो. दुभंगू द्या. मॅकबेथ मेला तरी 'मर्द' शब्दाची सत्ता गेलेली नाही, असं एखादी मुलगी म्हणेल. ते पूर्ण गुणांचं उत्तर आहे.

काय बिघडतं? एक, 'पुरुष' हा तिसरा शब्द पुढे येतो. येऊ द्या, फक्त कारण मागा. दोन, कुणीतरी म्हणेलच की आमच्या गावाकडे बायका नवऱ्याला 'माझा माणूस' म्हणतात. हसण्यावारी नेऊ नका. लेडी मॅकबेथ नवऱ्याशीच बोलतेय, तेव्हा तो अर्थ तपासण्याजोगा आहे. तीन, आणि हे सर्वांत वाईट: शिक्षक पहिल्या उताऱ्यालाच 'बरोबर उत्तर' सांगून टाकतात. मग बाकीचे उतारे म्हणजे रिकाम्या जागा भरा.

नरो वा कुंजरो वा

चौथ्या अंकात चेटकिणी मॅकबेथला भविष्य सांगणाऱ्या तीन आकृत्या दाखवतात, त्यांच्यासाठी तीन रकान्यांचा तक्ता करा: काय सांगितलं, मॅकबेथने काय ऐकलं, काय घडलं. शिरस्त्राण घातलेलं मस्तक म्हणतं, मॅकडफपासून सावध राहा. रक्ताळलेलं बालक म्हणतं, स्त्रीच्या पोटी जन्मलेला कुणी तुला इजा करणार नाही. हातात झाड घेतलेलं मुकुटधारी बालक म्हणतं, बर्नमचं रान डन्सिनेनच्या टेकडीवर चालून येईपर्यंत तू अजिंक्य. मधला रकाना भरताना मुलांना कळतं की पहिल्या इशाऱ्याचा धाक पुढच्या दोन आश्वासनांनी पुसला गेला.

अशा अर्धसत्याला मराठीत आयता शब्दप्रयोग आहे, नरो वा कुंजरो वा. द्रोणाचार्य आणि अश्वत्थामा नावाच्या हत्तीची गोष्ट वर्गात कुणीतरी सांगेलच. मात्र तुलना तिथेच सोडू नका. युधिष्ठिराला आपण काय करतोय ते ठाऊक होतं आणि द्रोणांना फसवायचंच होतं. पण द्रोणांनी स्वतःला फसवलं नव्हतं. मॅकबेथच्या बाबतीत फसणाऱ्याचाही वाटा आहे: त्याला हवं तेच त्याने ऐकलं. चेटकिणींची वाक्यं अक्षरशः खरी ठरतात.

राजा जेम्सचा काळ आणायची जागा हीच, आणि 5 मिनिटं पुरतात. 5 नोव्हेंबर 1605 रोजी पार्लमेंट उडवून देण्याचा कट उघडकीला आला. 1606मध्ये त्याच कटाच्या संदर्भात हेन्री गार्नेट या जेझुइट (कॅथलिक पंथातल्या) पाद्र्यावर खटला चालला, त्यात द्व्यर्थी बोलण्याचा प्रश्न गाजला. दुसऱ्या अंकातला दारुडा द्वारपाल नरकाच्या दारावर ज्या 'दुहेरी बोलणाऱ्या'चं स्वागत करतो, त्यामागे प्रेक्षकांना हेच ऐकू येत होतं.

रक्त, पाणी, झोप

हे धागे गृहपाठाला द्या. मुलं ते सहज शोधतात. झोपेचा धागा पहिल्या अंकात चेटकीण खलाशाला देते त्या शापापासून धरायला सांगा, नाहीतर तो दुसऱ्या अंकापासून सुरू होतो असं लिहून येतं.

वर्गात एवढंच करा. एका विद्यार्थिनीला दुसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशातली ओळ वाचू द्या: थोडंसं पाणी, की हे कृत्य धुऊन जाईल. दुसरीला पाचव्याच्या पहिल्यातली: अरबस्तानातली सगळी अत्तरं या इवल्या हाताला गोड वास देऊ शकणार नाहीत. मध्ये काही बोलायचं नाही. मग एकीने वर्गापुढे उभं राहून, न बोलता, एक मिनिट हात चोळत राहायचं, घड्याळ लावून. पहिली 15 सेकंदं हसू येतं. नंतर वर्ग गप्प होतो. मग सांगा, दासी म्हणते की बाईसाहेब हे सलग पाव तास करताना मी पाहिलंय. आणि लक्ष वेधा: इथे लेडी मॅकबेथ गद्यात बोलते. इतका वेळ सांभाळलेलं पद्य सुटलंय.

याच्या आधी तिसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश वाचलेला असलाच पाहिजे. बँकोच्या खुनाचा बेत मॅकबेथ तिला सांगत नाही. तू अजाण राहा, म्हणतो. तो प्रवेश गाळला तर ती अचानक वेडी झाल्यासारखी वाटते. खरं तर त्या जागी ती एकटी पडते.

चित्रपट दाखवायचाच असेल तर विशाल भारद्वाज यांचा 'मकबूल' (2003) मुलांना आवडतो, पण शेवटच्या तासिकेनंतर. त्यात चेटकिणींच्या जागी दोन पोलीस आहेत, आणि ते नुसतं भविष्य सांगून थांबत नाहीत, डावही टाकतात. आधी दाखवला तर 'हुकूम शोधा' हा प्रयोग वाया जातो. वि. वा. शिरवाडकरांचं 'राजमुकुट' ग्रंथालयात मिळालं तर 'मर्द की माणूस'मधले उतारे त्यात काढून पाहा. एका मोठ्या लेखकाने त्या ओळी मराठीत कशा पेलल्या, हे मुलांना स्वतःचा घाम गाळल्यावरच कळतं.

शेवटची तासिका: वाक्य घडवणं

आता प्रत्येकाने एका वाक्यात आशयसूत्र लिहायचं आणि ते तीन चाळण्यांतून काढायचं. त्यात क्रियापद आहे का? दुसऱ्या कुठल्याही नाटकाला ते तसंच चिकटतं का? चिकटत असेल तर परत लिहा. त्याला आधार देणाऱ्या किमान तीन ओळी वेगवेगळ्या अंकांतून दाखवता येतात का?

वाक्य कसं सुधारतं ते फळ्यावर दाखवा. 'महत्त्वाकांक्षा वाईट' पहिल्या चाळणीतच पडतं. 'महत्त्वाकांक्षा माणसाचा नाश करते' दुसरीत अडकतं. 'चूक पुरती कळत असूनही माणूस ती करतो, आणि ते कळणंच पुढे त्याची शिक्षा होतं' हे टिकतं. पहिल्या अंकातलं स्वगत, दुसऱ्यातलं घशात अडकलेलं 'आमेन', आणि पाचव्यात मान, प्रेम, मित्रांचा मेळा हे म्हातारपणी आपल्या वाट्याला नाही असं त्याचं स्वतःचं बोलणं, अशा तीन ओळी त्याला मिळतात.

मूल्यमापनाला एकच प्रश्न पुरे, 300 शब्दांत. शेवटच्या भाषणात माल्कम मॅकबेथ आणि त्याच्या बायकोला खाटीक आणि राक्षसी राणी म्हणतो. तो म्हणतो ते खरं आहे का? 20 गुण असतील तर 8 ओळींच्या आधाराला, 8 मांडणीला आणि 4 विरुद्ध बाजूचा विचार केल्याला द्या. 'हो' किंवा 'नाही' या निष्कर्षाला गुण नाहीत, हे आधीच सांगा. माल्कमचं म्हणणं त्याच्या जागी योग्यच आहे, बाप मारलाय त्याचा. पण 28 ओळींचं ते स्वगत त्याने ऐकलेलं नाही. मुलांनी ऐकलंय.